पाखरांचा वाटा

येळवशीच्या, म्हणजे वेळा अमावस्येच्या दिवशी लातुरात चहाची टपरीसुद्धा उघडी सापडत नाही. डाळ गिरण्या बंद, आडत बंद, शिकवण्या बंद. सगळं शहर शेतात, आणि ज्याला शेत नाही तो शेतवाल्याच्या पाठीमागे. अशा दिवशी घरी मागे राहणारा माणूस एक तर आजारी असतो, नाही तर रुसलेला. दामिनी मात्र आजारी असूनही सगळ्यांच्या आधी, अंधारातच, गाडीत जाऊन बसली होती, मांडीवर आंबिलीचं बिंदगं, ते मातीचं मडकं, धरून. पुढं बसलेली महानंदा आरशातून सुनेकडं बघत होती आणि तिच्या डोक्यात एकच किडा वळवळत होता. हिला आज खोकला कसा नाही?

किडा वळवळायला कारण होतं. आदल्या दिवशी तिच्या पोरानं, महांतेशनं, जेवता जेवता सांगून टाकलं होतं, "अप्पा, येळवस झाली की आम्ही नांदेडला चाललो. तिथं एजन्सीचं बोलणं झालंय, घर बी बघितलंय. गिरणीच्या धुळीत दामिनीला मरायला ठेवणार न्हाई मी." गुरुलिंगअप्पांनी हातातला घास ताटात ठेवला, हात धुतला आणि अर्ध्या जेवणावरून उठले. त्यांचा धाकटा भाऊ विरूपाक्ष घरच्या डाळ गिरणीतून वेगळा झाला तेव्हाही ते असेच उठले होते, आणि तेव्हापासून दोघं भाऊ एकमेकांच्या दारात लग्नाच्या पत्रिकेपुरतेच येत होते. घराची दुसरी वाटणी महानंदाला डोळ्यांनी बघायची नव्हती. पोरगा गेला तर सुनेचा दम पुढं करून जाणार, आणि घर मोडलं ते बायकोनं, असं गाव जन्मभर म्हणणार. ते टाळायचं तर सुनेला दम कशानं लागतो हे शोधायला हवं होतं. आणि मुळात खरंच लागतो का, हेही.

ही दुसरी शंका महानंदाची स्वतःची नव्हती. ती चाकूरला दिलेल्या लेकीनं, पुनमनं, सणाला आल्या आल्या कानात घातली होती. "अव्वा, तू लई भोळी हायस. दम लागतो तो भाकरीच्या वेळेलाच कसा गं? रोज, नेमानं? काम बी टळतंय आन नवऱ्याला घेऊन वेगळं निघायला बी जमतंय." महानंदानं तिला दटावलं होतं, पण एकदा कानात गेलेलं बाहेर थोडंच काढता येतं!

तसं बघितलं तर वर्षभरात घरानं करायचं काही ठेवलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले गालिचा काढा, काढला. जुन्या गाद्या-गोधड्या उन्हात टाका, उशांचे अभ्रे गरम पाण्यात धुवा, तेही केलं. भिंतीची ओल खरवडून घेतली. धूप-ऊदबत्ती बंद करा म्हटल्यावर महानंदाचा जीव तुटला, पण शंकराला तिनं नुसत्या बेलावर आणि विभूतीवर भागवून घ्यायला सांगितलं. गिरणीकडची खिडकी खिळे ठोकून बंद झाली. गिरणीतच जन्मलेला वाघ्या कुत्रा शेतावर शिवप्पाकडं धाडला. त्या दिवशी अप्पा जेवले नव्हते. आणि एवढं सगळं करूनही दिवस जरा वर आला की सुनेची छाती सूं सूं वाजायला लागायचीच.

गाडी चाकूर रस्त्याच्या शेतात शिरली तेव्हा दिवस नुकता उगवत होता. शेत वाट्यानं करणाऱ्या शिवप्पानं कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, उभी केली होती, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड पाच पांडव म्हणून मांडून ठेवले होते. दामिनीनं पाय खाली टेकवला न टेकवला तोच वाघ्या कुठूनसा सुसाट आला, तिच्या अंगावर पंजे टाकले आणि तिचं तोंड चाटू लागला.

"हाड, हाड! अगं, ढकल त्याला!" महानंदा ओरडली. "महांतेश, पंप काढ, पंप!"

दम्याच्या औषधाचा पंप निघाला. सगळे दामिनीभोवती गोळा झाले आणि वाट बघत उभे राहिले. दामिनी खाली बसून वाघ्याचे कान खाजवत होती.

"काई होईना मला," ती जराशी ओशाळून म्हणाली.

दम लागत नाही म्हणून माणसं काळजीत पडलेली महानंदानं पहिल्यांदाच पाहिली. तिला हसूही आलं आणि पुनमचं बोलणंही आठवलं. त्यानंतर मात्र तिचं पूजेत लक्ष लागेना. पांडवांवर शाल पांघरली, शेंगा-भाज्यांच्या भज्जीचा नैवेद्य दाखवला, आंबील शेतात शिंपडली. पण सगळा वेळ तिचा एक डोळा देवावर आणि दुसरा सुनेवर. दामिनी तुरीच्या ओळींतून शेंगा तोडत हिंडली. फुललेल्या करडईतून ओढणीला काटे लावून आली. हुरड्याच्या आगटीजवळ धूर अंगावर आला तेव्हा खोकली खरी, पण उठून वाऱ्याच्या दुसऱ्या अंगाला बसली आणि झालं.

शेवटी महानंदाला राहवेना. "दामिनी, कोपीत बसायला जरासा कडबा आण गं," ती म्हणाली. कडब्याची पेंढी म्हणजे धुळीचं आगर. मुद्दाम सांगताना तिला पाप वाटलं, पण कुतूहल पापाच्या वरचढ निघालं. दामिनीनं पेंढी आणली, सोडली, झटकली, पसरली. धूळ बसेपर्यंत महानंदाचा स्वतःचाच श्वास अडकला होता. दामिनीला एक शिंक आली.

"बसा की आत्या," ती म्हणाली.

पंगत कोपीतच बसली. पानात भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. पहिले दोन घास गोडीत गेले. तिसऱ्या घासाला पुनमनं तोंड उघडलं.

"वैनी, शेत मानवलं बघा तुम्हाला. कडब्यात दम न्हाई, कुत्र्यानं न्हाई, धुरानं न्हाई. घरी पोळपाटाची लई धूळ उडती वाटतं!"

"पुने!" महांतेश कडाडला. "तुला काय म्हणायचंय ते सरळ म्हण."

"सरळच म्हणून राहिले. तुला नांदेडला जायचं तर जा की. अप्पाच्या गिरणीला कामून बदनाम करतोस? आन तो पंप आधी सोडवा तिचा. त्याची सवय लागती म्हणतेत."

"कोण म्हणतंय? तुझी शेजारीण? डॉक्टर सांगून सांगून थकले की पंपानं काई सवय लागत न्हाई. आन आज दम कामून न्हाई ते आंधळ्याला बी कळंल. आज अमावस्या. गिरणी बंद हाय! धूळ न्हाई, दम न्हाई. अप्पा, आता तरी पटलं का?"

गुरुलिंगअप्पांनी मान खाली घातली. बापाच्या गिरणीनं सुनेचा गळा धरला, हे त्या क्षणी त्यांना पटल्यासारखंच दिसत होतं. दामिनी पानातली खीर बोटानं नुसती फिरवत होती. तिनं नवऱ्याची बाजूही घेतली नाही आणि नणंदेला उत्तरही दिलं नाही. हे महानंदाला विचित्र वाटलं. खरं बोलणारा चिडतो आणि खोटं बोलणारा रडतो, असा तिचा आजवरचा अनुभव. ही दोन्हींतलं काहीच करीना.

"थांबा जरा," महानंदा म्हणाली. "गिरणी दर अमावस्येला बंद असती ना?"

"असती की," अप्पा म्हणाले.

"मग मागच्या अमावस्येला हिला लई दम लागला होता ते? रिक्षा करून दवाखान्यात कुणी नेलं? मीच की! गिरणीला टाळं होतं. मला चांगलं ध्यानात हाय, तुम्ही घरी पेपर वाचत बसले होते."

अप्पांनी मान वर केली.

"बरं, फोडणी म्हणावं," महानंदाला आता चेव आला, "तर आज पहाटे भज्जीची फोडणी हिनंच दिली. मी म्हटलं नको, हिनं ऐकलं न्हाई. शेजारीपाजारी खोकले, हिला काई न्हाई. मग राहिलं काय? दामिनी, नीट आठव. रोज करतीस आन आज केलं न्हाईस, असं काय हाय?"

"काई न्हाई आत्या," दामिनी घाईनं म्हणाली. फारच घाईनं.

"उठतीस, आंघोळ करतीस, लिंगपूजा करतीस. ते आज बी केलंस. मग चहा. ते बी झालं. मग गच्चीवर…" महानंदा बोलता बोलता थांबली. हातातला उंडा हातातच राहिला. "अहो, आज पाखरांचा वाटा घातलाच न्हाई आपण. अंधारातच निघालो."

पाखरांचा वाटा म्हणजे या घरात देवाखालोखाल. अप्पांचे वडील बसवंतअप्पा, त्यांनी गिरणी सुरू केली त्या दिवशी पहिल्या भरडीतला मापटंभर डाळीचा तुकडा पाखरांना टाकला होता, आणि तेव्हापासून एक सकाळ चुकली नव्हती. दुष्काळातही नाही, विरूपाक्षाच्या वाटणीच्या दिवशीही नाही. आता गच्चीवर कबुतरांचे थवेच्या थवे उतरत. मापटं घरातल्या थोरल्या सुनेच्या हातून रिकामं व्हायचं. आधी ते महानंदाच्या हातात होतं, आता दामिनीच्या. दाणे टाकायचे, कालची घाण कोरड्या झाडूनं झाडून काढायची, आणि मग खाली येऊन भाकरीला बसायचं.

"भाकरीला बसायचं," महानंदा स्वतःशीच पुटपुटली आणि तिनं पुनमकडं पाहिलं. पुनमनं नजर चुकवली.

"काईतरीच!" अप्पा म्हणाले. "पाखरांनी कुणाला दम लागतो व्हय? ती शंकराची पाखरं हायत."

"डॉक्टरला विचारू की. विचारायला काय जातंय?" महानंदा म्हणाली.

"आज येळवस. डॉक्टर बी कुणाच्या तरी शेतात असंल."

होतेच. फोन लावला तर तिकडून आधी पाटाच्या पाण्याचा आवाज आला, मग तोंडात घास असलेले डॉक्टर. महांतेशनं आवाज मोठा करून फोन सगळ्यांच्या मध्ये धरला. महानंदानं कुत्र्यापासून कडब्यापर्यंत सगळं सांगितलं. आपण मुद्दाम कडबा आणायला लावला हेही सांगितलं, आणि त्यावर तिला डॉक्टरांची चांगली बोलणी बसली. मग तिनं कबुतरांचं सांगितलं. तिकडं घास गिळल्याचा आवाज आला.

"अहो मावशी, मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं की! घरात पाखरं-बिखरं आहेत का म्हणून. साहेबच तर होते समोर. ते म्हणाले, अजिबात नाही. जरा रागावलेच होते माझ्यावर."

सगळ्यांनी अप्पांकडं पाहिलं. अप्पा कोपीच्या कडब्यातली एक काडी उपसत होते.

"मला वाटलं, कोंबड्या पाळल्यात का विचारतोय," ते शेवटी म्हणाले. "मी म्हटलं, आम्ही लिंगायत माणसं. अंड्याचं नाव काढत न्हाईत आमच्या घरात, आन तुम्ही पाखरं विचारता! कबुतरं… ती कुठं आपण पाळली? ती येतेत आन जातेत."

फोनमधून डॉक्टरांचं हसू फुटलं. पुनमही हसली. मग अप्पांचा चेहरा बघून तिनं हसू पदराआड लपवलं.

"हे बघा," डॉक्टर आता नीट आवाजात बोलू लागले, "तेच कारण आहे असं मी फोनवर सांगणार नाही. तपासावं लागेल. पण कबुतरांची विष्ठा, पिसं, त्यांची वाळलेली धूळ, यानं दमा उसळतो, फुप्फुसालाही त्रास होतो, हे पक्कं. आजपासून त्यांना गच्चीवर वर्ज्यच करा. गच्ची साफ करायची तर पाणी मारून, ओली करून, तोंडाला बांधून. कोरडा झाडू अजिबात नको, आणि सूनबाईंनी त्या वेळी घरातच थांबायचं नाही. पंप मात्र सुरूच ठेवा, आज बरं वाटलं म्हणून बंद करू नका. आणि मावशी, पुन्हा असले प्रयोग नकोत."

फोन बंद झाला. महानंदाला वाटलं होतं, कोडं सुटलं की सगळ्यांना मोकळं वाटेल. तसं काही झालं नाही. अप्पा उठून धोतर झटकत कोपीबाहेर गेले.

"बापानं घातलेला नेम," ते पाठमोरेच म्हणाले. "माझ्या हातून मोडायचा होता."

"अप्पा, आता तो नेम ऱ्हाऊ द्या न्हाईतर मोडा, आम्ही तर जाणारच हाव," महांतेश म्हणाला. "एजन्सीचं बोलणं पुढं गेलंय माझं."

हे ऐकून महानंदाचं कुतूहल दुसऱ्याच दिशेला वळलं. बायकोच्या छातीचं कारण सापडलं, तर नवऱ्याला आनंद व्हायला हवा होता. हा तर हातातला पतंग कटल्यासारखा चेहरा करून बसला होता.

"महांतेश, खरं सांग. नांदेडची गोष्ट आधीची का हिचा दम आधीचा?"

महांतेश पानातला उंडा कुस्करू लागला. त्याला आणखी दाबायची गरजही नव्हती.

"मला माझं काईतरी करायचंय, अव्वा," तो म्हणाला. "अप्पापुढं तसं म्हणायला जीभ वळंना. दमाचं कारण सांगितलं की कुणी अडवत न्हाई."

"तिला इचारलं होतंस?"

त्यानं नाही म्हणून मान हलवली. पुनमनं भावाच्या पाठीत एक धपका घातला, खेळातला नव्हे. "आन आम्ही तिला नावं ठेवून राहिलो," ती म्हणाली, आणि 'आम्ही' म्हणताना तिचा आवाज जरा पडला. ती उठली आणि न सांगता दामिनीच्या पानातली गार झालेली खीर बदलून गरम वाढली. पुनमची माफी मागायची रीत एवढीच.

दुपारी महानंदा भांडी घेऊन विहिरीच्या हौदाकडं गेली. दामिनी आधीच राख घेऊन बसली होती.

"राख नको," महानंदानं वाडगा ओढून घेतला. "ती बी उडती." आणि मग समोरच बैठक मारली. "आता मला एक सांग. मघाशी मी इचारलं तवा काई न्हाई म्हणालीस. तुला ठाऊक होतं ना?"

दामिनी हातातलं भांडं पाण्यात बुडवत राहिली.

"दिवाळीत कळलं," ती म्हणाली. "माहेरी बिलोलीला होते तवर पंपाला हात लावायची बी गरज पडली न्हाई. घरी आले, सकाळी गच्चीवर गेले, झाडू फिरवला, आन जिना उतरेपर्यंत छाती बांधल्यासारखी झाली."

"मग बोललीस कामून न्हाई? मी तुझ्यापायी देवाचा धूप बंद केला! कुत्रा धाडला! मरायचं होतं का तुला?"

महानंदाचा आवाज चढला होता. तिला राग आला होता, आणि रागाखाली भीती होती. हौदाच्या काठावर दामिनीनं भांडं ठेवलं.

"आत्या, लग्न होऊन आले त्या दिवशी तुम्ही सगळ्या पाव्हण्यांपुढं मापटं माझ्या हातात दिलं. म्हणाल्या, आता हे हिचं. बाकी घरात माझं काय हाय? स्वैपाक तुमच्या हातचा. गिरणी मामांची. ह्यांच्या मनात काय चालू हाय, ते मला बी कालच कळलं. ते मापटं सोडलं तर मी पाव्हणीच की." ती थांबली. "दम लागायचा, हाव. पर तेवढा वेळ ते घर माझं वाटायचं."

महानंदाला एकदम रडू आलं. तिनं लपवलं नाही. मोठ्या हौसेनं तिनं मापटं दिलं होतं, आणि तेवढं दिल्यावर सासूपण निभावलं असं धरून स्वयंपाकघराचं दार स्वतःच्या पाठीशी घट्ट धरून बसली होती. तिनं ओल्या हातानंच सुनेचा हात धरला.

मागं कुणीतरी खाकरलं. गुरुलिंगअप्पा हात धुवायला आले होते आणि किती ऐकलं होतं ते त्यांच्या तोंडावरून दिसत होतं. त्यांनी हात धुतले, पंच्यानं पुसले, मग उगीचच पुन्हा धुतले.

"महानंदे, गच्चीवर जाळी मारून घेऊ," ते म्हणाले. "नेम मोडायचा न्हाई. रोज सकाळी ही मला मापटं भरून देईल. मी ते गावाबाहेरच्या माळावर नेऊन टाकीन."

"एवढं लांब? आन तुमचे गुडघे?"

"दुखतील. गुडघे दुखून कुणाचा श्वास अडकत न्हाई." ते जायला वळले, मग थांबून सुनेकडं न बघताच म्हणाले, "त्याला नांदेडला जायचं तर खुशाल जाऊ दे. पर तुझ्या दमाचं नाव घेऊन आता कुणी जाणार न्हाई. तू जायचं का ऱ्हायचं, ते तू सांगायचं."

दामिनी उठून उभी राहिली. काही तरी मोठं बोलेल असं महानंदाला वाटलं, आणि ती कान देऊन बसली.

"मामा," दामिनी म्हणाली, "माळावर जाताना तोंडाला रुमाल बांधत जावा."

त्या घरात सुनेनं दिलेला तो पहिला हुकूम होता. गुरुलिंगअप्पांनी "बरं" म्हटलं आणि बांधाकडं चालू लागले.